चार्ज करा, पण बेतानं!

इलेक्ट्रिक कारची बॅटरी किती वर्षं टिकणार, हे जितकं कंपनी ठरवते तितकंच आपणही ठरवत असतो. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री बघणाऱ्या गोंदियात जाऊन शोधलेला बॅटरीच्या तब्येतीचा हा सोपा फंडा...

ऑफिसच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटची नवी कोरी गाडी येऊन उभी राहिली, की तिच्याभोवती घोळका जमणार हे नक्की. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पहिला प्रश्न, ‘किती जाते रे?’ दुसरा, ‘चार्जिंगला किती वेळ?’ आणि तिसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून, ‘पण यार, बॅटरी गेली तर?’

खरा प्रश्न हा तिसराच. पेट्रोलचं इंजिन हळूहळू कुरकुरत म्हातारं होतं आणि गल्लीतला मेकॅनिक ते खेचत नेतो. बॅटरीचं तसं नाही. ती इलेक्ट्रिक गाडीतली सगळ्यात महागडी गोष्ट. वॉरंटीबाहेर ती बदलायची वेळ आली तर आकडा लाखांत जातो. ज्यांचा ईएमआय अजून पाच वर्षं चालणार आहे, त्यांची यामुळे झोप उडाली तर नवल नाही.

गंमत म्हणजे या बाबतीत सल्ले देणारे भरपूर असतात. कोणी म्हणतं, ‘रोज फुल चार्ज कर’, तर कोणी म्हणतं, ‘ऐंशीच्या वर कधीच नको’. फास्ट चार्जरला हातही लावू नकोस, असं सांगणारे वेगळेच! यातलं खरं काय, हे तपासायचं तर गाडी एसी बेसमेंटमध्ये उभी राहणाऱ्या पुण्यात कशाला बघायची? मी थेट महाराष्ट्राचं पूर्वेचं टोक गाठलं. महाराष्ट्र एक्स्प्रेस जिथं थांबते आणि परत फिरते, ते गोंदिया. माझं आजोळही तेच.

गोंदियाच का?

गोंदिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राइस मिल्स येतात, नाहीतर नागझिऱ्याचा वाघ. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. पण बॅटरीच्या नजरेतून बघाल तर गोंदिया म्हणजे एक कडक परीक्षा केंद्र आहे. मे महिन्यात पारा सहज पंचेचाळिसाला टेकतो. डिसेंबर-जानेवारीत हेच गाव विदर्भातल्या सर्वांत थंड गावांच्या यादीत वर असतं आणि किमान तापमान एक आकड्यावर येतं. वादळी पावसात लाइट जाणं नेहमीचंच. आणि मोठ्या शहरात, म्हणजे नागपूरला जायचं तर एकशे साठ-सत्तर किलोमीटरचा पल्ला. ज्या सवयी इथं गाडीला तारतात, त्या पुण्या-मुंबईत डोळे झाकून चालतील.

विदर्भाला इलेक्ट्रिक गाड्या तशा नव्या नाहीत. मे २०१७ मध्ये नागपुरात ओलानं दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा प्रयोग वाजतगाजत सुरू केला होता. त्यात महिंद्राच्या ई-टू-ओ गाड्या होत्या. वर्षभराच्या आतच चार्जिंग स्टेशनवरच्या लांबलचक रांगांना कंटाळून चालक डिझेलकडे परतायची भाषा करू लागले. त्यानंतर बॅटऱ्या मोठ्या झाल्या, त्यांना थंड ठेवायच्या सोयी आल्या, जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही बाजारात आली आणि घरच्या सॉकेटवर रात्री चार्ज होणारी गाडी ही मध्यमवर्गीय गोष्ट झाली. ऊन मात्र तेच राहिलं. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ डिग्री दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. पण आमच्या मावशीचं म्हणणं, ‘छप्पन खोटं असेल बाप्पा, पण घामाले कोण समजावणार?’

दादाची गाडी, वहिनीची बदली

माझा मावसभाऊ बँकेत आहे. गोंदियात घर आणि तिरोड्याला ऑफिस. जाऊन-येऊन रोजचे साठेक किलोमीटर. (तिरोडा म्हणजे अदानींचं ३३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र असलेलं गाव. ‘जिथं वीज बनते तिथं विजेची गाडी घेऊन जातो’, हा दादाचा ठरलेला जोक!) २०२१ च्या दिवाळीत त्यानं तीस किलोवॉट-अवर बॅटरीची इलेक्ट्रिक कार घेतली. बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी. पेट्रोलचा खर्च वाचला, सर्व्हिसिंग नावापुरतं, सगळं कसं झकास चाललं होतं.

मग वहिनीची बदली नागपूरला झाली. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती तिकडे राहू लागली आणि दादाच्या आयुष्यात शुक्रवार संध्याकाळ नावाची एक नवी गोष्ट आली. तिरोड्याला आरामात जाणारी गाडी नागपूरला एका दमात पोचेल का? आज पोचली तरी आणखी चार वर्षांनी, वॉरंटी संपल्यावर? की आत्ताच विकून पेट्रोलची घ्यावी? एका सेकंडहँडवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून दादाचा चेहरा पडला होता. ‘बॅटरीचा भरोसा नाही साहेब’, एवढं एकच कारण त्यानं दिलं.

म्हणजे बघा, गाडीची किंमत, कर्जाचे हप्ते आणि लेकीला भेटायची शनिवारची सकाळ, हे सगळं एका न दिसणाऱ्या टक्क्यावर अडलं होतं. तो टक्का म्हणजे बॅटरीची ‘स्टेट ऑफ हेल्थ’. नवी असताना बॅटरीत जितकी वीज मावत होती, त्यातली आज किती मावते, याचं हे माप. डॅशबोर्डवर दिसणारी चार्जिंगची टक्केवारी वेगळी, ही वेगळी. पाण्याची टाकी आज किती भरली आहे हे डॅशबोर्ड सांगतो, टाकीच आक्रसून किती लहान झाली आहे हे ‘हेल्थ’ सांगते.

इन्व्हर्टर आणि नोकियाचा वारसा

दादाच्या सवयी विचारल्या आणि मला हसूच आलं. संध्याकाळी साडेसहाला घरी आला, की तापलेली गाडी तो लगेच प्लगला लावायचा. रात्री बारापर्यंत शंभर टक्के. सुट्टीच्या दिवशीही फुल करून ठेवलेली आणि दिवसभर अंगणात उन्हात उभी. का? ‘लाइट गेली तं? फुल असली पायजे ना!’

हे उत्तर फक्त दादाचं नाही, आपल्या अख्ख्या पिढीचं आहे. आपण भारनियमनात वाढलो. घरातला इन्व्हर्टर सदैव फुल पाहिजे, इमर्जन्सी लाइट फुल पाहिजे. इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीला भरलेलं राहणंच मानवतं, अर्धवट चार्जवर पडून राहिली तर ती लवकर खराब होते. गावातल्या बहुतेक ई-रिक्षांचंही तेच. बंगळुरूहून २००१ मध्ये आलेली रेवा ही छोटीशी इलेक्ट्रिक कारसुद्धा लेड-ॲसिडवरच धावायची. त्यामुळे ‘फुल म्हणजे सेफ’ हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसरा वारसा जुन्या मोबाइलचा. ‘बॅटरी पूर्ण संपव आणि मगच चार्ज कर’, हा सल्ला आठवतो? तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्यांना अर्धवट चार्जिंगची सवय लागायची म्हणून तो नियम.

आजच्या गाडीत मात्र लिथियम-आयन बॅटरी असते, आणि तिचा स्वभाव या दोघींच्याही बरोबर उलट! तिला पूर्ण भरलेलं राहायला आवडत नाही आणि पूर्ण रिकामं राहायलाही. तिला मधलं बरं वाटतं.

बॅटरीच्या पोटात काय चालतं?

घाबरू नका, केमिस्ट्रीचं लेक्चर नाही. बॅटरी म्हणजे दोन घरं आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारे लिथियमचे कण. चार्ज करताना ते एका घरात जातात, गाडी चालवताना दुसऱ्या घरात परततात. या ये-जा करणाऱ्यांपैकी काही जण कायमचे वाटेतच अडकतात. चार्जिंगच्या वेळी भरणाऱ्या ग्रॅफाइटच्या घरावर एक पातळ थर असतो. तो संरक्षण देतो, पण हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम खर्ची पडतं. जितकं लिथियम अडकलं, तितकी टाकी लहान झाली.

हा थर जाड होण्याचा वेग कशानं वाढतो? एक, उष्णतेनं. साधारणपणे अशा रासायनिक क्रिया दर दहा डिग्रीला दुपटीच्या आसपास वेग घेतात. दोन, बॅटरी वरपर्यंत भरलेली असली की. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी हे चालूच असतं.

हे मला दादाच्या शेजारच्या राइस मिलवाल्या काकांनी त्यांच्या भाषेत फटकन समजावलं. धान ओलं साठवलं तर कुजतं. जास्त सुकवलं तर मिलमध्ये तडकून त्याची कणी होते. मधल्या ओलाव्यावर ठेवलं तरच अख्खा तांदूळ निघतो. ‘तुमची बॅटरी आमच्या धानासारखीच दिसते’, काका म्हणाले. बॅटरी इंजिनीअरनंही यापेक्षा सोपं सांगितलं नसतं!

आता एक छोटी भानगड. सगळ्या लिथियम बॅटऱ्या सारख्या नसतात. आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक ‘एनएमसी’, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली. ह्युंदाईची कोना, महिंद्राची एक्सयूव्ही ४०० या गाड्या त्यातल्या. दुसरी ‘एलएफपी’, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेटवाली. नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही, महिंद्राच्या नव्या बीई ६ मध्ये ही असते. एलएफपी ही टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत जन्मली. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे. गुडइनफ यांना पुढे २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी विभागून मिळालं.

एलएफपी उष्णतेत जास्त स्थिर असते आणि चार्जिंगच्या जास्त फेऱ्या सोसते. पण तिचा एक घोळ आहे. चार्ज ऐंशी टक्के असो वा चाळीस, तिचा व्होल्टेज जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय याचा गाडीच्या कॉम्प्युटरला अंदाज येत नाही. म्हणून अधूनमधून तिला शंभरपर्यंत नेऊन हिशेब जुळवावा लागतो. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा शंभर टक्के चार्ज करायला सांगते, ते याचसाठी. तुमच्या गाडीला हे किती वेळा हवं, ते ओनर्स मॅन्युअलमध्ये असतं. (हो, तेच पुस्तक, जे ग्लव्ह बॉक्समध्ये पॅकबंद आहे!)

म्हणजे ‘ऐंशीच्या वर कधीच नको’ हा सल्ला एनएमसीवाल्यांच्या रोजच्या वापराला बरोबर, आणि एलएफपीवाल्यांना अर्धाच बरोबर. आठवड्याला एकदा फुल करा, पण फुल करून उन्हात चार दिवस उभी ठेवू नका.

ऊन आणि फुल चार्ज, डेंजर जोडी

उन्हाचं म्हणाल तर गोंदियाच्या आधी ही शिक्षा अमेरिकेतल्या फिनिक्सनं भोगली आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं हे शहर. निसान लीफ ही गाडी २०१० च्या शेवटी आली आणि २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्स परिसरातले मालक तक्रार करू लागले, की बॅटरीच्या तब्येतीच्या बारा रेघांपैकी एकेक रेघ गायब होतेय. लीफच्या बॅटरीला पाण्यावर किंवा कूलंटवर चालणारी थंड करायची सोयच नव्हती. शेवटी निसाननं बॅटरीच्या क्षमतेचीही वॉरंटी दिली. पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांच्या आत बारापैकी नऊ रेघांच्या खाली गेली तर कंपनी दुरुस्त करणार.

त्यातून सगळ्यांनीच धडा घेतला. आज आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कार्समध्ये बॅटरीला लिक्विड कूलिंग असतं. पण सगळ्यांत नाही, आणि गाडी बंद करून उन्हात उभी असताना ही यंत्रणा नेहमी चालू असतेच असं नाही. त्यामुळे शोरूममध्ये सनरूफचं विचारण्याआधी ‘बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का?’ हे विचारा. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

दादाच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं. गाडी संध्याकाळी आल्याआल्या प्लगला लावायची नाही, निवू द्यायची. गाडीतच चार्जिंगचा टायमर होता, तो चार वर्षांत एकदाही वापरलेला नव्हता. तो पहाटे चारला लावला. तिरोड्याच्या एका फेरीला साधारण तीस टक्के चार्ज लागतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तो भरायला तीनेक तास पुरतात. म्हणजे पहाटेच्या गारव्यात चार्जिंग सुरू, सातला ऐंशीवर बंद, साडेआठला गाडी रस्त्यावर. वरपर्यंत भरून पडून राहणंच संपलं. अंगणात गाडी कडुनिंबाच्या सावलीत सरकवली. खर्च किती? शून्य रुपये.

‘आणि लाइट गेली तं?’ दादाचा पेटंट प्रश्न. उत्तर सोपं होतं. ऐंशी टक्क्यांवर तिरोड्याच्या दोन फेऱ्या होतात. एक रात्र लाइट गेली तरी ऑफिस बुडत नाही. हे ऐकून मावशीनं मात्र नाराजी दाखवली, कारण तिच्या मते ऑफिस बुडालेलंच बरं.

फास्ट चार्जिंगची भीती किती खरी?

हा सगळ्यात गाजलेला वाद. डीसी फास्ट चार्जर बॅटरीत भराभर वीज ढकलतो, त्यामुळे ती तापते. बॅटरी फार थंड असताना जोरात चार्ज केलं तर लिथियम घरात शिरण्याऐवजी बाहेरच धातू बनून साचतं, हेही खरं. म्हणून जानेवारीच्या पहाटे गोंदियात फास्ट चार्जिंगचा वेग आपोआप कमी झालेला दिसला, तर चार्जरला शिव्या देऊ नका. गाडीचा कॉम्प्युटर बॅटरीला जपतोय.

पण भीती जरा जास्तच पसरली आहे. अमेरिकेतल्या रिकरंट या कंपनीनं २०२३ मध्ये साडेबारा हजारांच्या आसपास टेस्ला गाड्यांची आकडेवारी तपासली. जवळपास नेहमी फास्ट चार्ज होणाऱ्या आणि क्वचितच होणाऱ्या गाड्यांच्या रेंजमध्ये दखल घ्यावी असा फरक त्यांना दिसला नाही. अर्थात टेस्लाची थंड-गरम करायची यंत्रणा तगडी आहे आणि तिथं मे महिन्यातलं गोंदिया नाही! त्यामुळे सुवर्णमध्य असा, की रोजचं चार्जिंग घरी, हळू. प्रवासात गरज पडली तर फास्ट, बिनधास्त. फक्त ऐंशीला प्लग काढा. ऐंशीनंतर वेग तसाही मंदावतो, म्हणजे तुमचाही वेळ वाया आणि मागच्या गाडीवाल्याचाही.

उजवा पाय सांभाळा

चार्जिंगइतकंच महत्त्व चालवण्याला. पण इथं एक सुखद धक्का आहे. प्रयोगशाळेत बॅटऱ्या एकाच संथ वेगानं रिकाम्या करून तपासतात. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ९२ बॅटऱ्यांवर दोन वर्षांहून जास्त काळ वेगळा प्रयोग केल्याचं जाहीर केलं. रस्त्यावर होतं तसं, कधी जोर, कधी ब्रेक, कधी विश्रांती. अशा वापरात बॅटरीचं आयुष्य ३८ टक्क्यांपर्यंत जास्त भरलं. म्हणजे सिग्नलला थांबत, ट्रॅफिकला कावत तुम्ही जे रोज ऑफिसला जाता, ते बॅटरीला त्रासदायक नाही, उलट मानवतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांनो, कुणाला तरी त्याचा फायदा होतोय!

ब्रेक दाबल्यावर किंवा पाय उचलल्यावर मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत परत भरते, ते ‘रीजनरेशन’ शहरात भरपूर वापरा. आणि हो, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. फुल न भरण्याचा हा बोनस.

हायवेचं गणित मात्र वेगळं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर वेग पंचवीस टक्के वाढला, पण हवेचा विरोध छप्पन टक्के! आम्ही एका शनिवारी पहाटे नागपूरला निघालो. गोरेगाव, मग कोहमारा आणि तिथून हायवेला लागून साकोली, भंडारा. दादाचा पाय शंभरकडे सरकू लागला की रेंजचा आकडा रस्त्यापेक्षा जोरात पळायचा. ऐंशीवर आलं की शांत. हिशेब केला, हायवेच्या एकशे तीस किलोमीटरमध्ये शंभरनं गेलो तर ऐंशीपेक्षा वीसेक मिनिटं वाचतात. पण तीच वीस मिनिटं चार्जरवर उभं राहून परत द्यावी लागतात. सोबत समोशाचे पैसे वेगळे.

मग गाडी ठेवायची की विकायची?

निर्णय आकड्यांवर घ्यायचा असं ठरलं होतं. सर्व्हिस सेंटरवर बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट मागितला. मागितला तर मिळतो, हेच अनेकांना माहीत नसतं. आकडा आला ९२ टक्के. चार-साडेचार वर्षांत आठ टक्के गेले.

हे चांगलं की वाईट? कॅनडातल्या जिओटॅब या कंपनीनं हजारो गाड्यांचा डेटा तपासला तेव्हा वर्षाला सरासरी घट २०२० मध्ये २.३ टक्के आणि २०२४ मध्ये १.८ टक्के निघाली होती. म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. गोंदियाचं ऊन खाऊनही दादाची गाडी सरासरीतच होती. ‘पास झाली म्हण की!’ वहिनी फोनवर म्हणाली. ‘सवयी बदलल्या तर पुढच्या पेपरात आणखी मार्क पडतील.’

आता खरा हिशेब. नवी असताना ऐंशीच्या वेगानं ही गाडी साधारण दोनशे किलोमीटर जायची. आज १८४. नागपूर १६५ च्या आसपास. म्हणजे पोचते, पण हातात वीसच किलोमीटर. मे महिन्यात एसी फुल आणि समोरून वारा असेल तर तेही नाही. वर्षाला दोन टक्के धरले, तर २०२९ मध्ये वॉरंटी संपताना गाडी १७० किलोमीटरच्या आसपास जाईल. तिरोड्याला त्या दिवशीही ती आरामात जाऊन-येऊन पुरेल, आणि नागपूरला मात्र एका दमात जाणार नाही.

इथं मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली सापडली. बॅटरी ‘गेली’ असं एका दिवसात होत नाही. ती तुमच्या रोजच्या गरजेपेक्षा लहान झाली, की तुमच्यापुरती गेली. ज्याचं ऑफिस पंधरा किलोमीटरवर आहे, त्याला सत्तर टक्के तब्येतीची बॅटरीही कित्येक वर्षं पुरेल. म्हणून घेतानाच आपला सगळ्यात लांबचा नेहमीचा पल्ला बघून बॅटरी निवडावी, आणि त्यात वीस-पंचवीस टक्के जास्तीची जागा ठेवावी.

दादानं गाडी ठेवली. शुक्रवारी टायमर बदलून ती शनिवारी पहाटेपर्यंत शंभरला आणायची (आठवड्याचा एलएफपीचा हिशेबही त्यातच जुळतो), लगेच निघायचं, ऐंशीनं जायचं आणि भंडाऱ्याजवळ वीस मिनिटं चार्जरवर थांबायचं. खरी लढाई झाली ती नागपूरच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये एक पंधरा अँपिअरचा पॉइंट मिळवण्यासाठी. सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या, शेवटी वेगळं सबमीटर बसवायच्या अटीवर परवानगी मिळाली. बॅटरीच्या केमिस्ट्रीपेक्षा सोसायटीची केमिस्ट्री अवघड, असं वहिनीचं स्पष्ट मत आहे.

पुढचं चित्रही बरंच आशादायक आहे. ब्लूमबर्गएनईएफच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये बॅटरी पॅकचा सरासरी भाव एका किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. २०२५ मध्ये टाटानं नेक्सॉनच्या पंचेचाळीस किलोवॉट-अवरच्या मॉडेलला आणि कर्व्हला पहिल्या मालकासाठी पंधरा वर्षांची बॅटरी वॉरंटी जाहीर केली. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई लाही पहिल्या मालकासाठी लाइफटाइम वॉरंटी आहे. ‘पहिला मालक’ हे शब्द मात्र दोनदा वाचा. सेकंडहँड घेणाऱ्याला अटी वेगळ्या असतात.

खिशात ठेवा! बॅटरीच्या तब्येतीच्या दहा टिप्स

१. आपल्या गाडीत एनएमसी आहे की एलएफपी, आधी हे शोधा.

२. रोजच्या वापराला वीस ते ऐंशीच्या मध्ये राहा. थोडं थोडं, वारंवार चार्ज केलेलं चालतं.

३. एलएफपी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अधूनमधून शंभरपर्यंत न्या.

४. शंभर टक्के केलीत तर लवकर निघा. भरलेली गाडी उन्हात उभी ठेवू नका.

५. लांबचा प्रवास किंवा कडक ऊन झाल्यावर गाडी निवू द्या, मग प्लग लावा.

६. टायमर वापरा. चार्जिंग निघण्याच्या थोडं आधी संपलेलं उत्तम.

७. आठ-पंधरा दिवस गावाला जाताय? पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून सावलीत उभी करा.

८. फास्ट चार्जर प्रवासासाठी. रोजची सवय करू नका, पण घाबरूही नका.

९. हायवेवर ऐंशी-नव्वद, आणि टायरमध्ये हवा बरोबर.

१०. वर्षातून एकदा बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट मागून जपून ठेवा. गाडी विकताना ‘बॅटरीचा भरोसा नाही’ म्हणणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायला तोच कामाला येतो. सेकंडहँड घेताना मात्र तो तुम्ही मागा, आणि कितीपर्यंत घसरल्यावर कंपनी बॅटरी बदलून देते, ते वॉरंटीच्या पुस्तकात बघा. बहुतेक ठिकाणी हा आकडा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो.